विचारून गेले, मागे गेले

आमची आत्या बसलेली असते तेव्हाही तिचा एखादा तरी भाग चालत असतो. जेवायला बसली की पाय हलतो. पाय दाबून धरला की बोटं टेबलावर वाजतात. बोटं धरली की तोंड सुरू होतं. चहात साखर नसली तरी ती चमचा फिरवत राहते, आणि चहा गार झाला की 'गार झाला' म्हणून स्वतःच चिडते. दात घासताना ब्रश तोंडात ठेवून घरभर फेरी मारते आणि फेसातूनच हुकूम सोडते, "वयनी, गॅफ बंद कल गं!" आई गॅस बंद करते. बाबा तिचा मोठा भाऊ. तो तिला लहानपणापासून भिंगरी म्हणतो.

अशा बाईनं धंदा निवडला तोही खुर्चीला चिकटून करायचा. ती प्रोग्रामर आहे. गावातल्या श्रवणकेंद्रात, म्हणजे जिथे कान तपासतात आणि कानाची मशीनं बसवतात तिथे, संगणक विभाग म्हणजे आत्या. विभागात एक आत्या, एक खुर्ची आणि एक पंखा, आणि तिघंही फिरतात.

श्रवणकेंद्रात सगळेच ओरडून बोलतात. आलेल्या माणसांना ऐकू येत नाही म्हणून कर्मचारी ओरडतात, आणि मग सवयच लागते. ज्यांचे कान ठणठणीत आहेत अशी दोघं समोरासमोर उभं राहून "चहा घेणार का!" "घेते की!" असं भांडल्यासारखं बोलतात. आत्या घरी आल्यावर पहिला अर्धा तास आम्ही तिच्यापासून लांब बसतो. "मीठ दे!" एवढंच म्हणते, पण शेजारचे खिडकीत येतात.

केंद्राचा सगळा कारभार एका वेब अ‍ॅप्लिकेशनवर चालतो. जावा या संगणकभाषेत लिहिलेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आत्यानंच लिहिलेलं. त्यात सगळ्यात नाजूक जागा म्हणजे प्रतीक्षायादी. मशीनं दर आठवड्याला थोडीच येतात आणि कान खूप. म्हणून ज्यानं आधी नोंदणी केली त्याला आधी. बुधवारी यादीतल्या वरच्या नावांना आपोआप मेसेज जातो आणि शुक्रवारी मशीन बसतं.

तर झालं असं की ही सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये ठेवलेली होती, त्याची देखभाल बंद होणार असं कळलं. संचालकांनी आत्याला बोलावलं. केंद्रात त्यांना 'थोडक्यात साहेब' म्हणतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'थोडक्यात'नं सुरू होतं आणि संपायची वाट बघत माणसं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत राहतात.

"थोडक्यात," ते म्हणाले, "डेटाबेस बदलायचा, पण बदललाय हे कोणाला कळता कामा नये, म्हणजे कळलं तरी हरकत नाही, पण चांगल्या अर्थानं कळावं, आणि समजा वाईट अर्थानं कळलंच, तर ते कोणाला कळता कामा नये."

"कोणाचा नंबर इकडचा तिकडे होणार नाही," आत्या म्हणाली. "माझी जबाबदारी."

घरी आईनं विचारलं, "म्हणजे नक्की बदलणार काय गं?"

"अ‍ॅप तेच, पानं तीच, बटणं तीच. फक्त माहिती ज्या कोठारात असते ते कोठार बदलायचं."

"म्हणजे माणूस चालत राहणार आणि तू खालून त्याचे बूट बदलणार," बाबा म्हणाला.

"हो. आणि नाड्याही बांधणार."

"आणि तो तोंडावर पडला तर?"

"दादा, जेव."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात दोन डेटाबेस राहायला आले. आत्या त्यांचे आवाज काढायची. जुना म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. तुम्ही काहीही पुटपुटा, तो म्हणणार, "असू दे, असू दे, समजलं मला." तारीख उलटी लिहा, चालते. मोठ्या अक्षराऐवजी लहान लिहा, चालतं. नवा म्हणजे शाळेच्या ऑफिसातला, चष्म्यावरून बघणारा. "हे कुठल्या प्रकारात बसतं? हा आकडा आहे की अक्षर? ठरवा आणि मग या." आत्याला म्हणे हा दुसराच आवडायचा. "शिष्ट आहे, पण फसवत नाही," म्हणायची, आणि उठून चक्कर मारून यायची. एकेक क्वेरी, म्हणजे अ‍ॅप डेटाबेसला जो प्रश्न विचारतं ती, तिनं नव्याच्या भाषेत घासूनपुसून बसवली. चाचण्या लावल्या. जुन्यातली नावं आणि नव्यातली नावं समोरासमोर ठेवून जुळवली.

रविवारी केंद्र बंद असताना दुपारी तिनं अदलाबदल केली. संध्याकाळी घरी आली ती उड्या मारतच. "एक नाव गळलं नाही! एक कान चुकला नाही!"

"डावा की उजवा?" बाबानं विचारलं. तिनं त्याला उशी मारली.

सोमवारी बसवाले काका आले.

हे काका शाळेची बस चालवायचे. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचा एक कान जवळजवळ गेला होता आणि दुसरा त्याच्या मागे निघाला होता. कंपनीच्या तपासणीत ते उघड झालं आणि त्यांना गाडीवरून उतरवलं. मशीन लावून श्रवणकेंद्राचा कागद आणा, महिनाअखेरपर्यंत तुमची गाडी तुमची, नंतर दुसऱ्याला देऊ, असं कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं. महिना त्याच आठवड्याच्या शेवटी संपत होता. काका रोज सकाळी कंपनीचा निळा शर्ट घालून, केस चापून, जणू केंद्राच्या दारातूनच बस सुटणार आहे असे येत.

"मॅडम! माझा कितवा!"

काउंटरवरच्या काकूंनी दोन बोटं वर केली. "दुसरा! बुधवारी मेसेज येईल!"

काकांनीही दोन बोटं वर केली आणि सगळ्या बसलेल्यांना दाखवत बाहेर गेले, निवडून आल्यासारखे.

मंगळवारी पुन्हा आले. काकूंनी यादी उघडली. पहिल्या पानावर काका नव्हते. दुसऱ्यावर नव्हते. काकू खाली खाली गेल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. काका शेवटच्या पानावर होते, अगदी तळाला.

"असं कसं!" काका म्हणाले.

"तेच बघतेय!"

"काल दुसरा होतो! एका रात्रीत एवढी माणसं बहिरी झाली?"

कोणी हसलं नाही. मग काकांनी मोठ्यानं, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळूच, म्हटलं, "कोणाचं तरी वजन पडलंय. कळतंय मला." ते तपासणीच्या बंद खोलीपर्यंत ऐकू गेलं. काकूंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांच्या काउंटरवर कोणी असं बोललं नव्हतं.

आत्यानं लगेच शोधायला घेतलं. तिच्याकडे रविवारची एक वेगळी प्रत होती, तपासण्यासाठी ठेवलेली. तिच्यात काका दुसरे. पुन्हा चालवून बघितलं, दुसरे. अ‍ॅप बंद करून चालू केलं, दुसरे. खऱ्या यादीत मात्र तळाला. नोंदणीची तारीख दोन्हीकडे तीच. नाव तेच, कान तोच.

बुधवारी मेसेज गेले. काकांना आला नाही. ते थेट संगणक विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, आणि आत्या म्हणते तेच जास्त वाईट होतं. त्यांनी फक्त म्हटलं, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं माझी गाडी खाल्ली." आणि गेले.

मागोमाग साहेबांचं बोलावणं. "थोडक्यात, जुन्यावर परत जायचं का? कारण माणसं म्हणतायत की यादी विकली, म्हणजे सगळी म्हणत नाहीत, एकच म्हणतोय, पण तो एक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतोय."

"मला उद्यापर्यंत द्या, सर."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलाभोवती आत्या फिरत होती आणि आम्ही जेवत होतो. तिचं ताट तसंच. प्रत्येक फेरीत ती एक घास उचलायची आणि पुढे जायची.

"भिंगरे, बस," बाबा म्हणाला.

"बसून सापडत नाही."

"मग चालून सापडलं?"

"नाही."

"मग निदान माझ्या मागून तरी फिरू नकोस, चक्कर येते मला."

"दादा, त्यांची गाडी जाईल रे. मी म्हटलं होतं कोणाचा नंबर हलणार नाही. मी म्हटलं होतं."

बाबा उठला. त्यानं तिचं ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी तिला खुर्चीत बसवेना. केंद्रभर चकरा मारून ती काउंटरच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मागे नको गं उभी राहू," काकू म्हणाल्या. "पाठीवर कोणीतरी काहीतरी वाचतंय असं वाटतं."

तेवढ्यात एक शिंपीदादा आले. गळ्यात टेप तशीच, दुकान उघडं टाकून आलेले. "माझा नंबर कितवा झाला हो!" काकूंनी यादी उघडली. शिंपीदादा पहिल्या पानाच्या मध्यावर होते. काकूंनी त्यांना हातानं 'अजून थोडं' असं दाखवलं. ते मान हलवून वळले. मग काकूंनी त्यांच्या नावासमोर दोन शब्द टाइप केले, बटण दाबलं, पान नव्यानं उघडलं.

शिंपीदादा पानावर नव्हते.

"काकू!" आत्या किंचाळली. शिंपीदादांनाही ऐकू गेलं, ते दारातून वळून बघायला लागले. "काय केलंत आत्ता?"

"काय केलं? शेरा लिहिला."

"कसला शेरा?"

"'विचारून गेले.' आले, विचारलं, गेले. मग लिहायला नको?"

"प्रत्येकाच्या नावापुढे लिहिता?"

"प्रत्येकाच्या, प्रत्येक वेळी," काकू ताठ बसून म्हणाल्या. "माझ्या काउंटरवर माणूस आला आणि त्याची नोंद झाली नाही असं होत नाही. उद्या कोणी म्हणालं की मी येऊन गेलो, तुम्ही लक्षच दिलं नाही, तर?"

आत्यानं शेऱ्याची ती चौकट डॉक्टरांसाठी केली होती, कान दुखतो, कान वाहतो असलं लिहायला. काकू तिच्यात काय लिहितात हे तिला माहीतच नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं, कारण जुन्या डेटाबेसमध्ये त्यानं काही बिघडत नसे. तो वाणी सगळ्या ओळी नोंदणीच्या क्रमानं मांडूनच ठेवायचा आणि न सांगता त्याच क्रमानं द्यायचा. नवा असं करत नाही. एखाद्या ओळीत एक शब्द जरी बदलला, तरी तो जुनी ओळ रद्द करतो आणि नवी लिहून जिथे मोकळी जागा असेल तिथे, बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी, ठेवून देतो. क्रम हवा असेल तर मागा, म्हणतो. आणि प्रतीक्षायादीच्या क्वेरीत 'नोंदणीच्या क्रमानं द्या' असं कोणी मागितलेलंच नव्हतं. ती क्वेरी आत्याचीच. तिच्या तपासणीच्या प्रतीत सगळं बरोबर यायचं, कारण त्या प्रतीत कोणी विचारायला येत नव्हतं.

"म्हणजे जो विचारायला येईल तो मागे," काकू हळूहळू म्हणाल्या. त्यांनी गरम इस्त्रीवरून उचलावे तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. "आणि बसवाले रोज येतात."

"रोज."

"अगं बाई. म्हणजे मीच रोज त्यांना ढकलतेय."

"तुम्ही नाही, मी," असं म्हणून आत्या पळाली.

दुरुस्ती एका ओळीची. ती लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या दसपट वेळ आत्यानं ती बरोबर आहे ना हे बघण्यात घालवला. बाकीच्या क्वेरीही चाळल्या, अजून कुठे न मागता मिळायचं गृहीत धरलंय का म्हणून. मग अ‍ॅप नव्यानं चढवलं. यादी उघडली. बसवाले काका दुसरे. शिंपीदादा मध्यावर.

पण काका वर आले म्हणजे शुक्रवारच्या मशीनवाल्यांतलं शेवटचं नाव खाली गेलं. ते होतं एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंचं. त्या एकदाही विचारायला आल्या नव्हत्या, म्हणून पुढचे काका मागे गेले तशा त्या वर सरकल्या होत्या. त्यांना मेसेज गेलेला होता.

"थोडक्यात, राहू दे," साहेब म्हणाले, "बसवाल्यांना पुढच्या शुक्रवारी."

"पुढच्या शुक्रवारी महिना संपलेला असेल, सर. आणि नंबर त्यांचा आहे."

"मग त्या बाईंना कोण सांगणार?" हे साहेबांचं 'थोडक्यात'शिवाय सुरू झालेलं पहिलंच वाक्य.

"मी."

आत्यानं फोन लावला. पलीकडून इतका सुरेख, घडी न मोडलेला आवाज आला की ती दचकली. "नमस्कार. आपण कोण बोलता आहात?"

"मी श्रवणकेंद्रातून बोलतेय! उद्याचं तुमचं..."

"आपला आवाज पोहोचत नाही. कृपया स्पष्ट बोला."

"उद्या येऊ नका! चूक झाली!"

"आपला आवाज पोहोचत नाही. कृपया पुन्हा जोडा. धन्यवाद." आणि ठेवला. आत्यानं पुन्हा जोडला. पुन्हा तेच, त्याच गोडव्यानं. बातमी ज्या कानानं ऐकायची त्याच कानाची बातमी होती. शेवटी ती पर्स उचलून निघाली.

बाईंनी दार उघडलं. मागच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर उद्यासाठी इस्त्री केलेले कपडे टांगलेले. आत्यानं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. बाईंनी ते उभ्या उभ्याच वाचलं. शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आत्या एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"म्हणजे मी विचारलं नाही, म्हणून वर गेले," बाई म्हणाल्या.

आत्यानं मान हलवली.

"मी आयुष्यभर लोकांना लाइनवर थांबवलंय, बाळ. थांबणाऱ्यानं मध्ये मध्ये विचारलं की आम्हाला राग यायचा. म्हणून मी विचारत नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण मुलीला सांगून टाकलंय की शुक्रवारनंतर तुझा फोन मी घेईन. आता तिला काय सांगू?"

आत्यानं तो कागद त्यांच्याकडून घेतला. तिनं कागदाच्या मागे लिहिलं, 'चूक माझी आहे. तुम्ही यादीत आता अगदी वर आहात.' बाईंनी ते वाचलं आणि दार हळूच लावून घेतलं.

शुक्रवारी बसवाले काका दार उघडायच्या आधीच निळ्या शर्टात हजर. काकूंनी त्यांना दोन बोटं दाखवली. त्यांचा विश्वास बसेना. आत जायला हाक मारली तरी ते काकूंच्या पडद्यात डोकावून स्वतःचं नाव बोटानं चाचपून आले.

ते आत गेले आणि दारातून ऑपरेटर बाई आल्या. तेच इस्त्रीचे कपडे.

आत्या धावली. "अहो, आज नाहीये! मी काल सांगितलं ना!"

"मला माहीत आहे," बाई तिच्या ओठांकडे बघत, काउंटरला हात टेकून म्हणाल्या. "मी विचारायला आलेय. माझा नंबर कितवा?"

काकूंचे हात कीबोर्डवरून खाली, मांडीवर. त्यांनी आत्याकडे बघितलं. "मी नाही हो हात लावणार."

"बघा ना काकू."

काकूंनी यादी उघडली, नाव शोधलं आणि आकडा कागदावर मोठा लिहून बाईंना दाखवला. बाईंनी मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसल्या.

"आता शेरा लिहा," आत्या म्हणाली.

"कशाला उगाच?"

"लिहा, काकू."

काकूंनी एकेक अक्षर असं दाबलं जणू खाली सुरुंग आहे. 'विचारून गेल्या.' बटण दाबायला त्यांनी डोळे मिटले. आत्यानं पान नव्यानं उघडलं. बाईंचं नाव होतं तिथेच होतं.

काकूंनी सोडलेला श्वास बाकापर्यंत गेला. "बाई! हलल्या नाहीत हो तुम्ही!" त्या ओरडल्या.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि बसवाले काका बाहेर आले, एक हात कानावर, चेहरा कळवळलेला. काकू आनंदानं ओरडल्या, "झालं का हो!" आत्या ओरडली, "कागद मिळाला का!" आतून डॉक्टर ओरडले, "पुढचे कोण!"

"अहो, जरा हळू!" काका दोन्ही हातांनी कान झाकत म्हणाले. "तुमच्याकडे रोज एवढा आरडाओरडा असतो?"

केंद्रात पहिल्यांदाच पंखा ऐकू आला. काकांनी खिशातला कागद काढून आत्याला दाखवला, पुन्हा नीट घडी घालून ठेवला आणि डेपोकडे निघाले. जाताना बाकावरच्या बाईंकडे बघून किंचित थबकले. आपल्यामुळे बाईंचं मशीन लांबलं हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, ते आत्यालाही ठाऊक नाही.

ऑपरेटर बाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्या उठून पुन्हा काउंटरवर आल्या. आत्या त्यांच्या समोर उभी राहिली आणि त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश बोलली, "तुमचा नंबर तिथेच आहे."

"विचारून सुद्धा?"

"विचारून सुद्धा."

बाईंनी पर्स काखेत नीट धरली. "बरं. मग मी सोमवारी येते विचारायला."

"या," आत्या म्हणाली.